रिकाम्या पोटाची डुकरीण

पिल्लांचं दूध तोडलं की डुकरिणीला आठवडाभर उपाशी ठेवायचं, म्हणजे दूध आटतं. आमच्या खोऱ्यात असंच चालतं. मीही तेच केलं आणि लगेच नर लावला. आज चारच पिल्लं झाली, त्यातली तीन मेलेली.

थान नावाचे गुरांचे डॉक्टर खेकसले, "आजी, अक्कल गहाण टाकलीत का? नर लावायच्या आधी तिला पोटभर घालायचं असतं. गर्भ तेव्हाच धरतात. नंतर ओतून काय उपयोग?"

"मला शिकवू नका! गाभण राहिल्यावर रोज टोपलंभर रताळी घातलीत मी."

माझी सून चिउफेन मेलेली पिल्लं पाटीत भरत होती. तिचे स्वतःचे दोन गर्भ पडलेत.

मान वर न करता ती म्हणाली, "सासूबाई, मलाही अंडी दिवस गेल्यावरच मिळाली."