दोन सिलिंडरचा ठेका

समुद्रकाठच्या नवापूरच्या कमलाकांतला आपण कलावंत आहोत हे बरंच उशिरा कळलं. बाकीच्यांना तर ते कळलंच नाही. पालघरच्या कॉलेजातून त्याने केमिस्ट्रीची पदवी घेतली, बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात शिफ्टला लागला, आणि घरातला एक तरी पोरगा समुद्रातून सुटला म्हणून आईने पूजा घातली. इथवर सगळं सरळ होतं. मग त्र्याण्णव साली आखातातून आलेल्या मित्राने त्याला विलायती नाचाच्या कॅसेटी ऐकवल्या. त्यात गायक नव्हता, शब्द नव्हते, पेटी-सनई काही नव्हतं. नुसता ठेका, आणि तोही एका बाजूला तीस मिनिटं तोच. कमलाकांतला वाटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल. थोर कलावंतांची सुरुवात बहुधा याहून उदात्त विचाराने होत असावी.

त्याने कॅसिओ आणला, मागोमाग पाटाएवढं एक ठेक्याचं यंत्र आणलं, दोन कॅसेटींचा डेक आणला. हा संसार खोलीच्या ज्या कोपऱ्यात मांडला, तिथे आधी त्याच्या बायकोचं, पुष्पलताचं कपाट होतं. कपाट ओटीवर गेलं. ओटीवर सुकत घातलेले बोंबील आधीपासूनच होते, त्यामुळे लवकरच पुष्पलताच्या साड्या नेसल्यावर बाजारात मांजरं मागे लागायला लागली. कमलाकांतच्या बोटांना कारखान्याचा जांभळा रंग कायमचा बसलेला. कॅसिओच्या पांढऱ्या पट्ट्याही हळूहळू जांभळ्या झाल्या. कॅसेटीवर तो नाव घालायचा ‘डीजे के. कांत’. डीजे म्हणजे काय हे पुष्पलताने विचारलं, तेव्हा त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून त्याने ते नाव जास्तच ठळक लिहिलं.

पहिली कॅसेट त्याने बोईसर स्टेशनबाहेरच्या पानवाल्याला वाजवायला दिली आणि कोणी विचारतंय का बघायला स्वतः बाजूला उभा राहिला. पानवाल्याने पाचेक मिनिटं ऐकली, मग डेकला दोन थपडा मारल्या आणि म्हणाला, “भाईसाब, आपका कैसेट अटक गया है.”

घरी येऊन कमलाकांतने हे पुष्पलताला सांगितलं नाही. पण बोईसरच्या बाजारात नवापूरच्या निम्म्या बायका मासळी विकायला बसतात, त्यामुळे तो पोचायच्या आधीच ते घरी पोचलं होतं.

“आता माजं आयका,” पुष्पलता म्हणाली. “पुढल्या मईन्यात आमच्या मंदाची हळद हाय. तुमी वाजवा. लोक नाचले तर यंत्र ऱ्हाईल. नाय नाचले तर मनोरचा बँडवाला मागतोय कवापासून, त्याला देऊन टाकायचं नि कपाट आत. कबूल?”

मंदा म्हणजे पुष्पलताची धाकटी बहीण. कमलाकांत कबूल म्हणाला. नाही म्हणून सांगतो कुणाला? पण त्या रात्री त्याचा डोळा लागला नाही. यंत्र गेलं तर तो उरणार होता फक्त रंगाच्या कारखान्यातला जांभळ्या हाताचा माणूस, आणि तसे बोईसरमध्ये गल्लोगल्ली होते.

त्याला असा ठेका हवा होता की नवापूरच्या माणसाचे पाय न विचारता उचलले जावेत. विलायती ठेका उपयोगाचा नव्हता. हलगी-ढोल बँडवालाही वाजवत होता. शेवटी एका पहाटे बंदरावर चुलतभाऊ दामूची बोट निघताना त्याला तो सापडला. दोन सिलिंडरचं जुनं इंजिन: डुग-डुगाक्, डुग-डुगाक्, आणि दर चौथ्या ठोक्याला मध्येच एक ठसका. कमलाकांतच्या अंगावर काटा आला. त्याने टेपरेकॉर्डर आणून ते पकडलं, महिनाभर कापलं, जोडलं, खाली ढोल घातला, वर कॅसिओची शिट्टी. कॅसेट तयार झाली तेव्हा तो एकटाच खोलीत नाचला. हा त्या ठेक्याचा पहिला श्रोता. तोही घरचाच.

आता किनाऱ्यावर बायका बोट डोळ्यांनी बघून ओळखत नाहीत. ती दिसायच्या कितीतरी आधी इंजिनाच्या आवाजावरून ओळखतात, आणि मासळी उतरवायला पाटी उचलून चालायला लागतात. पोळी तव्यावर असली तर तशीच राहते. हे कमलाकांतला जन्मापासून माहीत होतं. त्याची आई अशीच धावायची. पण कलावंताला जन्मापासून माहीत असलेल्या गोष्टी ऐन वेळी आठवत नाहीत, असं त्याने नंतर स्वतःचं समाधान करून घेतलं.

हळदीच्या दिवशी दामूची ‘सागरहंसा’ समुद्रातच होती. हळदीच्या जेवणाची मासळी तीच आणणार होती आणि तिला उशीर झाला होता. चुलीपाशी मसाला वाटून तयार, बायका ताटकळलेल्या, दिवस कलायला आलेला. गावातली म्हातारी काशीबाई हळदीची गाणी म्हणून दमली आणि तंबाखू मळत बसली, तेव्हा पुष्पलताने नवऱ्याकडे बघून मान हलवली. कमलाकांतने जांभळ्या बोटाने बटण दाबलं.

कर्ण्यांतून आवाज निघाला. डुग-डुगाक्, डुग-डुगाक्, ठस्.

सगळा मांडव एकदम उठला. कमलाकांतचा ऊर भरून आला. आजवर कोणत्याही कलावंताला पहिल्या चार ठोक्यांत असा प्रतिसाद मिळाला नसेल.

“आली गं!” दामूची बायको हंसा ओरडली. “आमची आली! पाट्या घ्या!”

आणि मांडव रिकामा झाला. हळदीने माखलेली मंदा पाटावर, शेजारी तिची आजी, जिला गुडघ्यांमुळे धावता येत नव्हतं, आणि डेकपाशी कमलाकांत. बायका पाट्या घेऊन पार ओल्या वाळूपर्यंत गेल्या. पुढे समुद्र मोकळा. इंजिन मात्र मागे, मांडवात वाजत होतं.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या चालीवरूनच कमलाकांतने कॅसेट बंद केली.

“मेल्या,” काशीबाई धापा टाकत म्हणाली, “म्हातारीला पळवतोस? माजी वहाण गेली वाळूत!”

“भावजी,” हंसा म्हणाली, “माज्या नवऱ्याची बोट तुमी डब्यात भरली ती भरली, आता मासळी पण त्यातूनच काडा. जेवायला काय घालू लोकांना?”

 पुष्पलता मांडवाच्या खांबाला टेकून मनोरच्या दिशेला बघत होती. निदान कमलाकांतला ती मनोरची दिशा वाटली.

त्याला वाचवलं मंदाने. “परत लावा, भावजी,” पाटावरून ती म्हणाली. “मला धावायला नाय मिळालं.”

ठेका पुन्हा सुरू झाला. बायका हसल्या. हंसाने काशीबाईची नक्कल म्हणून रिकामी पाटी डोक्यावर घेतली, पदर खोचला आणि ठेक्यावर जागच्या जागी धावायला लागली: दोन पावलं पुढे, ठसका आला की थबकून समुद्राकडे बघायचं, बोट नाही म्हणून कपाळावर हात मारायचा. दुसरीने पाटी घेतली, मग तिसरीने. बाहेर ताटकळलेले पुरुषही आत शिरले. काशीबाई एका पायातल्या वहाणेनिशी उतरली. सगळं नवापूर कमलाकांतच्या मूर्खपणाने उडालेल्या धांदलीची नक्कल करत होतं आणि ती नक्कल बरोब्बर ठेक्यात होती. कमलाकांतने पुष्पलताकडे पाहिलं. तीही नाचत होती.

नेमकी तेव्हा डेकने टेप खाल्ली.

त्याने झाकण उघडलं तर आत तपकिरी फितीचा गुंता. आता सगळं थांबणार, म्हणून त्याने डोळे मिटले. काही थांबलं नाही. डुग-डुगाक्, डुग-डुगाक्, ठस्. कर्णे मुके होते. आवाज समुद्राकडून येत होता, आणि एकही बाई पाटी घेऊन निघाली नाही, कारण एकदा फसलेल्या बायका पुन्हा फसणार नव्हत्या.

कमलाकांतला सांगता आलं असतं. त्याने काय केलं, तर बंद यंत्राची बटणं गंभीरपणे फिरवायला सुरुवात केली. एक हात वर केला. मान डोलावली. आवाज जवळ आला तसा त्याने एक बटण उजवीकडे फिरवलं आणि लोक ओरडले. आयुष्यात त्याने इतकं छान कधी वाजवलं नव्हतं.

मग इंजिन बंद झालं.

“ए, वाजव!” “कमलाकांता, झोपलास काय?” “ऐन रंगात आलेला!”

पुष्पलता डेकपाशी आली. तिने फितीचा गुंता पाहिला, मग नवऱ्याचा वर राहिलेला हात. तो त्याने खाली घेतला.

तेवढ्यात कमरेपर्यंत भिजलेला दामू डोक्यावर सुरमईची पाटी घेऊन मांडवात आला. मागे त्याचे खलाशी, त्यांच्याही डोक्यावर पाट्या. नवापूरच्या पुरुषांनी मासळी डोक्यावरून आणलेली काशीबाईनेही कधी पाहिली नव्हती.

“मेले काय सगळे?” दामू गरजला. “लांबून इंजन वाजवत येतोय, नि उतरवायला एक बाय नाय?”

“आमी नाचत होतो,” हंसा म्हणाली.

“कशावर?”

हंसाने कमलाकांतकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मंदाने आधी हसायला सुरुवात केली आणि मग मांडवभर हशा पसरला. दामूला तो कळेना, म्हणून त्याने पाटी खाली आदळली.

“दामूदादा,” मंदा हसू आवरत म्हणाली, “जरा परत चालू कर ना.”

“येडी झालीस? डिझेल काय तुजा सासरा देतो?”

पण नवरी मुलीला हळदीच्या दिवशी नाही म्हणत नाहीत. दामू पुटपुटत वळला.

“लोक नाचले,” कमलाकांत हळूच बायकोला म्हणाला. “यंत्र ऱ्हाईल ना?”

“नाचले खरे. पण यंत्र तर बोटीत हाय,” पुष्पलता म्हणाली. “तुमी जा दादासंगं. मी बत्ती दाखवीन. वर केली की इंजन जोरात, खाली केली की हळू. नाच मोडला तर उद्या बँडवाल्याला निरोप धाडते.”

त्यामुळे घरातला समुद्रातून सुटलेला तो एकमेव पोरगा लग्नाची पँट गुडघ्यावर खोचून पाण्यात उतरला आणि सागरहंसावर चढला. दामूने इंजिन फिरवलं. किनाऱ्यावर बत्ती वर झाली. कमलाकांतने इंजिनाचा वेगाचा दांडा ओढला आणि लांबून माणसं ओरडल्याचं ऐकू आलं. बत्ती खाली, वर, पुन्हा वर. त्याने एकही इशारा चुकवला नाही.

“पुरे आता,” दामू म्हणाला. “ओहोटी लागली, बोट वाळूत बसंल.”

“दादा, बत्ती वरच हाय,” कमलाकांत म्हणाला, आणि दांडा आणखी ओढला.