हट्टी तेर्का आणि काळ्या दगडाची वाट

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे आणि भंगारात जायला मी साफ नकार दिलेला आहे. आर्जेन्टिनाच्या उत्तरेकडचं उंच वाळवंट हे माझं गाव. तिथे मला सगळे 'तेर्का' म्हणतात. तेर्का म्हणजे हट्टी.

माझी मालकीण नेलिदा किपिल्दोर, हिच्या वडिलांनी मला आणलं तेव्हा माझा रंग आकाशी होता. डोंगर चढायला आलेल्या पाहुण्यांना काळ्या दगडापर्यंत पोचवायचं, हे माझं काम. तिथे गाडीवाट संपते आणि डोंगराची पायवाट सुरू होते. आधी कोरड्या नदीतले गोटे, मग मऊ वाळू, मग मिठाचं मैदान आणि शेवटी इंजिनालाही धाप लागेल अशी चढण. माझं एक दार निखळलं, ते नेलिदाने लामाच्या लोकरीच्या दोराने बांधलं. तरी मी एकाही पाहुण्याला अर्ध्या वाटेत उतरवलं नाही.

मग शहरातून चकचकीत गाड्या आल्या. मी कुंपणामागे गेले. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. नेलिदाचा धाकटा भाऊ अबुंदियो खेचरांवर सामान वाहायचा. तो म्हणाला, "ताई, हिला विकून टाक. लोखंडाचे तरी पैसे येतील."

"आधी तुला विकते!" नेलिदा कडाडली. त्या दिवसापासून दोघांत अबोला.

फेब्रुवारीत कधी नव्हे तो कोरड्या नदीला पाण्याचा लोंढा आला. अबुंदियो काळ्या दगडाशी होता. बुजलेल्या खेचराने त्याला खडकावर आपटलं आणि त्याचा पाय मोडला. वायरलेसवर त्याचा कण्हता आवाज आला. त्याच्याजवळचं पिण्याचं पाणी संपत आलं होतं. चकचकीत गाड्या नदीपर्यंत जाऊन परत फिरल्या.

"नेलिदाबाई, रस्ता वाहून गेलाय," पोलीस चौकीचे सार्जंट कान्सिनो म्हणाले. "ढग हटले की हेलिकॉप्टर येईल."

"ढगांना विचारलंत का?"

"अहो, रस्ताच नाही म्हणतोय मी!"

"तो कधी नव्हताच, सार्जंट. आम्ही जातो, म्हणून त्याला रस्ता म्हणायचं."

तिने कोंबड्या हाकलल्या, शेजाऱ्याची बॅटरी बसवली. मी खोकले, काळा धूर ओकले आणि सुरू झाले. लोंढा ओसरून उघड्या पडलेल्या गोट्यांवर माझं पोट खरवडलं. वाळूपाशी तिने चाकांतली हवा कमी केली, तेव्हा वाळूने मला गिळलं नाही. खिंडीत ती उतरली. तिथल्या दगडांच्या राशीवर एक दगड ठेवून तिने धरणीमातेला, पाचामामाला, दारूचे चार थेंब वाहिले.

"वाट दे, माय," ती म्हणाली. मग गाडीत बसता बसता पुटपुटली, "नाही दिलीस तरी येणारच आहे."

शेवटच्या चढणीवर माझी मागची पाटा-स्प्रिंग तुटली. मी वाकडी झाले, पण थांबले नाही.

अबुंदियो घोंगडीखाली पडला होता. "कोण? तेर्का?"

"हो. लोखंडाचे पैसे न्यायला आलोय आम्ही."

तो हसला आणि वेदनेने रडलाही. "ताई, जाताना हळू चालव गं."

"आता बरी ताई आठवली!" ती म्हणाली आणि तिने त्याला लेकरासारखं उचलून माझ्यात ठेवलं.

त्याचा पाय वाचला. मग गावाला माझा पुळका आला. मला रंग द्यायचा, चौकात चौथऱ्यावर उभं करायचं, खाली पाटी लावायची! हा निरोप घेऊन सार्जंट स्वतः आले. नेलिदाने तोंड उघडण्याआधीच अबुंदियो कुबडी आपटत पुढे झाला.

"चौथऱ्यावर? जित्याजागत्या माणसाचा पुतळा उभारता का तुम्ही?"

मित्रांनो, कुंपणामागे मी गंजले होते, पण त्या चौथऱ्यावर मी मेलेच असते. जुन्या वस्तूंवर नुसती माया करू नका. वेळेवर तेल बदला, ढिले नट आवळा, तुटलेली स्प्रिंग बसवा आणि आम्हाला कामाला लावा. नेलिदाने तेच केलं. उद्या सकाळी पाहुणे घेऊन मी काळ्या दगडाला निघणार आहे. चकचकीत गाड्यांनी तेवढी वाट सोडावी.