भाऊजींची उजवी बाही

घरातल्या सहा जणांना भेट द्यायला वहिनीने सहा स्वेटर एकदमच विणायला घेतले, तेही कुणालाही टेप न लावता. धाकटा दीर पडला शिंपी; त्याला हे कसं पटावं! "वहिनी, तोंडघशी पडाल," तो येताजाता डिवचायचा. तिच्या सुया काही थांबल्या नाहीत.

पाच जणांना पाच स्वेटर अगदी बेतल्यासारखे बसले. दिराने आपला मात्र आधी टेबलावर पसरला, बाह्या जुळवल्या आणि ओरडलाच, "फसलात! उजवी बोटभर लांब आहे!"

"तुमचा उजवा हातच लांब आहे, भाऊजी. विश्वास नसेल तर मोजा."

त्याने दोन्ही हात मोजले. पुन्हा मोजले. मग गळ्यातली टेप काढून वहिनीच्या गळ्यात घातली.