दिवाणाची जागा

सुलोचनाबाईंनी दिवाणाचं एक टोक उचललं, पायाने जुन्या चादरीची घडी त्याखाली सारली आणि त्या दुसऱ्या टोकाकडे वळल्या. एवढ्यात स्वयंपाकघरातून जीरू आली. रोजच्यासारखीच आली, आधी भिंतीला मिशा घासत, मग दिवाणाच्या कडेकडेने, खिडकीतल्या उन्हाकडे. सुलोचनाबाईंनी श्वास रोखून घडी काढून घेतली आणि दिवाण होता तिथेच अलगद टेकवला.

"अहो, माझ्याच्यानं नाही होत हे."

श्रीपादराव खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

"तर नको करूस. यंदा महालक्ष्म्यांना स्वयंपाकघरात बसवू. त्यात काय एवढं टेन्शन?"

"स्वयंपाकघरात? मिक्सरच्या शेजारी? सासूबाई होत्या तेव्हापासून त्या या पूर्वेच्या भिंतीशी, आता दिवाण आहे तिथेच बसतात."

"मग बघ बुवा. ईशानं साफ सांगितलंय, दिवाळीपर्यंत घरातली काडी हलवायची नाही. आणि उद्याच येतेय ती बघायला."

जीरू घरात येऊन दोन महिने झाले होते. राजवाड्यामागच्या कापडबाजारात एका दुकानाच्या पायरीखाली हे मांजराचं पिल्लू सापडलं तेव्हा त्याचे दोन्ही डोळे संसर्गाने गेलेले होते. डॉक्टरांनी पापण्या शिवून टाकल्या. जखमी जनावरांना सांभाळून घरं शोधून देणाऱ्या ईशाने फोटो पाठवला आणि सुलोचनाबाईंनी कुणाला न विचारता हो म्हणून टाकलं. अंगावर बारीक तपकिरी ठिपके, पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरावा तसे, म्हणून नाव जीरू. तिला आणायला श्रीपादराव एकटेच गेले होते, आणि येताना मांजरीबरोबर सूचनाही घेऊन आले. खाणं एका जागी, पाणी एका जागी, सामान जिथल्या तिथे. दोन महिन्यांनी ईशा येऊन बघणार, सगळं ठीक असलं तर जीरू कायमची इथली, नाहीतर परत.

यातली सामानाची सूचना दुसऱ्या कुठल्याही बाईला दिली असती तर तिने मान हलवून विसरूनही टाकली असती. सुलोचनाबाईंची गोष्ट वेगळी होती. कुणाला भजनीमंडळ लागतं, कुणाला दुपारची सिरीयल लागते, यांना सामान हलवायला लागत असे. कपाट या खोलीतून त्या खोलीत जाई, टेबल दर थोड्या दिवसांनी दिशा बदली. पाहुणे दुसऱ्यांदा आले की आपण चुकून शेजाऱ्यांकडे शिरलो की काय अशा नजरेने बघत. श्रीपादराव रेल्वेच्या बुकिंग खिडकीवरून घरी येत तेव्हा सदरा कुठल्या कपाटात आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असे, कपाट कुठे आहे ते शोधावं लागे. पण कधी कुरकूर केली नाही बिचाऱ्याने. स्वभाव गरीब, आणि कुरकुरीचा उपयोग शून्य.

जीरूसाठी मात्र बाईंनी हात आवरले. दुपारी रिकाम्या भिंतीकडे बघून हात शिवशिवायचे, मग त्या उठून उगाच डाळ निवडत बसायच्या. पिल्लू त्यांच्या कोपराच्या बेचक्यात झोपे. हाक मारली की आधी त्याचे कान वळत आणि मग पाय. त्याला परत द्यायचं, हा विचारही त्या मनात येऊ देत नसत.

दुसऱ्या दिवशी श्रीपादराव केवडा आणि आघाडा आणायला राजवाड्यावर गेले. सुलोचनाबाईंनी महालक्ष्म्यांचे दोन्ही स्टँड स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. एक आली कुकरशेजारी, दुसरी गॅस सिलेंडरला खेटून. साड्या नेसवायला हातभर जागा नाही. त्या थोडा वेळ बघत राहिल्या. मग "माफ कर गं बाई" असं पुटपुटल्या. हे महालक्ष्मीला होतं की सुपात झोपलेल्या जीरूला, त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या सरळ बाहेर गेल्या, दिवाणाच्या चारी पायांखाली घड्या सारल्या आणि दिवाण समोरच्या भिंतीला नेऊन लावला. फरशी पुसली. उंबऱ्यापासून पूर्वेच्या भिंतीपर्यंत रांगोळीची पावलं काढली, त्यांवर हळदकुंकू घातलं.

शेवटचं पाऊल काढून झालं आणि मागे घुंगरासारखं बारीक म्याव ऐकू आलं.

जीरू स्वयंपाकघराच्या दारातून निघाली. भिंत संपली. आता दिवाणाची कड लागायची, ती लागेना. एक पंजा वर उचलून ती खोलीच्या मधोमध थांबली. धावत जाऊन उचलावं तर हात रांगोळीने भरलेले. जीरू चार पावलं पुढे गेली, रांगोळीतूनच, आणि समोरच्या दिवाणावर नाक आपटून खाली बसली.

"गेली," बाई मोठ्याने म्हणाल्या. "आता ही काही इथे राहत नाही."

जीरूने नाक चाटलं. पंजाने दिवाणाचा पाय चाचपला, मग दुसरा. खाली शिरली, पलीकडून बाहेर आली, वळसा घालून पुन्हा खोलीच्या मध्यावर आली. तिथे काहीच नव्हतं. इकडे गेली, काही नाही, तिकडे गेली, काही नाही. तिची शेपटी ताठ उभी राहिली.

आणि ती पळाली. दोन महिन्यांत ती फक्त कडेकडेने चालली होती. पळता येतं, हे तिला आणि घरातल्या कुणालाही माहीत नव्हतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दिवाण आला की ऐनवेळी वळायची आणि पुन्हा उलटी. लक्ष्मीच्या पावलांवरून तिची पावलं गेली, कुंकू सगळीकडे झालं. सुलोचनाबाई भिंतीला टेकून हसत सुटल्या, हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

त्यामुळे फाटक वाजलेलं त्यांना कळलं नाही. श्रीपादराव फुलांची पिशवी उराशी धरून आत आले, मागून ईशा.

"काय गर्दी, भिया, आज राजवाड्यावर," म्हणत श्रीपादराव नेहमीसारखे दिवाणावर बसले. दिवाण तिथे नव्हता. ते थेट फरशीवर.

"काका! लागलं का?"

"नाही, नाही," श्रीपादराव म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.

सुलोचनाबाईंनी पदराने डोळे पुसले. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"ईशा, चूक माझी आहे. तू दिवाळीपर्यंत काही हलवू नका म्हणालीस आणि मी आजच हलवलं. हिला लागलंही नाकाला. पण पळाली गं ती. अशी पळाली! तू नेऊ नकोस तिला."

ईशा खाली बसून जीरूचं नाक बघत होती. तिने मान वर केली.

"दिवाळीपर्यंत? काकी, मी तर काकांना फक्त पहिल्या हफ्त्याचं बोलली होती. नंतर थोडं थोडं बदला बोलली होती मी. मांजरं शिकतात एकदम. दिवाळीचं कोण बोललं?"

श्रीपादराव पिशवीतला केवडा काढून बारकाईने तपासू लागले.

"आणि हिला मी कशाला नेऊ?" ईशा हसली. "बघा ना, कशी मस्तीत आलीये. ही तर तुमचीच झाली."

ती जीरूला घेऊन अंगणात फोटो काढायला गेली. सुलोचनाबाई श्रीपादरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या. बोलायला चार चांगल्या झणझणीत गोष्टी जिभेवर तयार होत्या. त्यांनी हात पुढे केला. तो धरून श्रीपादराव उठले आणि पँटवरचं कुंकू झटकत राहिले.

"सकाळी उठलं की घर काल होतं तिथेच असायचं," ते बायकोकडे न बघता म्हणाले. "बरं वाटत होतं, एवढंच."

जिभेवरच्या गोष्टी सुलोचनाबाईंनी गिळल्या. समोरच्या भिंतीला लावलेल्या दिवाणाकडे पाहिलं.

"परवा महालक्ष्म्या गेल्या," त्या म्हणाल्या, "की याला कुठे ठेवू या?"

इतक्या वर्षांत त्यांनी असं विचारलं नव्हतं. ते गोंधळतील, तुला वाटेल तिथे ठेव म्हणतील, असं त्यांना वाटलं.

"खिडकीखाली," श्रीपादराव लगेच म्हणाले. "उशी भिंतीकडे नको, अलीकडे. म्हणजे पडल्या पडल्या समोरचा गुलमोहर दिसतो पूर्ण."

हे त्यांनी कधी ठरवून ठेवलं होतं, ते बाईंनी विचारलं नाही. त्या खिडकीपाशी गेल्या, खाली वाकल्या आणि विती टाकून जागा मोजायला लागल्या.