दुपारचं औषध

पुष्पाबाईंनी पोरीची बाही कोपराच्या वर सरकवली, तिचा हात टेबलावर ठेवला आणि सुईची वाट बघत बसल्या.

सुई टोचण्यात डॉ. सत्यशीला मॅडमचा फायदाच होता. पुष्पाबाई समाधानाने उठल्या असत्या, बाहेरच्या बाकावरची सात माणसं पुढे सरकली असती आणि दीडच्या आत मागच्या खोलीत पाठ टेकता आली असती. शिवाय पोरगी आठ दिवसांनी परत आलीच असती. डिग्री आयुर्वेदाची असली तरी वाटूर फाट्यावर तेवीस वर्षं त्यांनी सुया आणि सलाइनच चालवलं होतं. सुई न टोचणाऱ्या डॉक्टरला लोक नमस्कार करतात आणि दुसऱ्याकडे जातात, हे त्यांना पहिल्या सहा महिन्यांतच कळलं होतं.

"जल्दी गुण येईल असं द्या मॅडम," पुष्पाबाई म्हणाल्या. "जालन्याला सोनोग्राफी केली, काहीच न्हाई निघालं. दृष्ट काढली, सोडा पाजला. तरी दुपार झाली की पोट धरून बसती. सगळं त्या कुरकुऱ्यांचं काम हाय."

"महिना झाला कुरकुरे खाल्ले न्हाईत मी," राजनंदिनी म्हणाली.

"तू गप. डॉक्टरसमोर तरी खरं बोलावं माणसानं."

पोरगी दहावीची. डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं. डाव्या बाजूला कडक लागलं. ओठ फुटलेले, जीभ कोरडी. त्यांनी भरलेली सुई ट्रेमध्ये परत ठेवली. का ठेवली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कदाचित सुईचाच कंटाळा आला असेल.

"दिवसभरात पाणी किती पितेस?"

राजनंदिनीने आईकडे पाहिलं.

"पुष्पाताई, जरा बाहेर बसता का?"

"मी आई हाय तिची."

"म्हणूनच म्हणते."

पुष्पाबाई उठल्या, पण पडद्यापलीकडे किती लांब गेल्या याची खात्री नव्हती. डॉक्टरांनी पंखा मोठा केला. तो आवाज करायचा.

"साडेसहाला घरून निघते," पोरगी हळूच म्हणाली. "आठला जादा तास. घरी जायला सहा वाजतात."

"मधे लघवीला, संडासला?"

पोरीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "शाळेत हाय. पण दाराला कडी न्हाई. पाणी बी न्हाई. पोरं पलीकडच्या भिंतीवर बसून राह्यतात. म्हणून मी पाणीच पीत न्हाई. डबा बी अर्धाच खाते."

"आईला सांगितलंस?"

"आईला सांगितलं की ते पप्पांना कळतं. पप्पा घरी बसवतील. आक्काला तसंच बसवलं. दहावी तरी होऊ द्या मॅडम. सांगू नका."

"पप्पा काय करतात?"

"शेती. आणि शाळेच्या कमिटीत हायेत."

"मग कडी बसवून घेतील की."

लहान लेकराकडे बघावं तसं राजनंदिनीने डॉक्टरांकडे पाहिलं. "आक्का शाळेत व्हती तवा बी ते कमिटीतच व्हते."

लघवी-संडासचा वेग अडवला की वायू उलटा फिरतो, भूक मरते, पोट धरतं. डॉक्टर हे कॉलेजात शिकल्या होत्या. अडवू नयेत असे तेरा वेग त्यांनी परीक्षेत क्रमाने लिहिले होते आणि चांगले मार्क घेतले होते. दाराला कडी नसेल तर काय करावं, हे कोणत्याच प्रश्नपत्रिकेत आलं नव्हतं.

त्यांनी पुष्पाबाईंना आत बोलावलं.

"वायू बिघडलाय. रात्री झोपताना त्रिफळा द्या, जेवणात तूप वाढा. आणि दुपारचं औषध मात्र इथे येऊन घ्यायचं, माझ्यासमोर. हिंग, ओवा, सैंधवाचं चूर्ण, ताज्या गरम पाण्यातून. रोज मधल्या सुट्टीत."

शाळा रस्त्यापलीकडेच होती.

"घरून पाणी दिलं तर चालंल का?" टेबलावरच्या स्टीलच्या पेल्याकडे बघत पुष्पाबाईंनी विचारलं.

आपल्या हातचं पाणी चालतं का, हा प्रश्न डॉक्टरांना नवा नव्हता. वेगवेगळे कपडे घालून तो तेवीस वर्षं दवाखान्यात येत होता.

"औषध इथलं, पाणीही इथलंच. नाहीतर लागू पडत नाही."

"पथ्यच म्हणल्यावर काय," पुष्पाबाई म्हणाल्या. "आणि सुई?"

"सुई नाही."

पुष्पाबाईंनी पोरीची बाही खाली ओढली, जरा नाराजीनेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजनंदिनी आली. डॉक्टरांनी तिला चूर्ण दिलं, पेलाभर पाणी दिलं आणि मागचं दार दाखवलं. "अंगणात आहे. कडी नीट लागते. बादली भरून ठेवलीय."

चौथ्या दिवशी तिच्यासोबत वर्गातली आकांक्षा आली. तिचंही पोट दुखत होतं. मग आणखी दोघींचं दुखायला लागलं. महिना संपायच्या आत अकरा केसपेपर झाले, अकराहींवर एकच निदान. चूर्ण संपत आलं तेव्हा पोरी नुसतंच पाणी पिऊ लागल्या. ओठ बरे झाले. डबे पूर्ण संपू लागले. पोरी अंगणात एकमेकींची चेष्टा करत रांगेत उभ्या राहत, आणि पाठ टेकायच्या वेळेला डॉक्टर हौदातून बादल्या उपसत. गुडघे कुरकुरत. रात्री त्यांना तेल लावताना डॉक्टर स्वतःवरच चिडत आणि सकाळी विसरत.

जानेवारीत काकासाहेब आले. राजनंदिनीचे वडील. सोबत शाल, नारळ आणि फोटो काढायला एक शिक्षक.

"मॅडम, पोरगी पार सुधरली. तुमच्या औषधात दम हाय. कमिटीत मीच ठराव मांडला, मॅडमचा सत्कार झालाच पाहिजे."

त्यांनी शाल डॉक्टरांच्या खांद्यावर टाकली. फोटो झाला. शिक्षक बाहेर गेल्यावर काकासाहेब खुर्चीत सैल बसले आणि हसले.

"आम्हाला काय कळत न्हाई का, मॅडम? अकरा पोरी एकाच टायमाला आजारी पडत्यात."

डॉक्टरांनी शाल काढून घडी घातली.

"मग कळलंच आहे तर शाळेतलं दुरुस्त करून घ्या. दार, कडी, पाण्याची टाकी."

"आल्ता तो विषय मीटिंगला. पैसा बी मंजूर व्हता. मी म्हणलं, पोरींची सोय मॅडमकडं बराबर चालू हाय, चांगली चालली ती मोडायची कशाला? तवा त्या पैशात गेटावर कमान करून घेतली. येताना दिसली असंल."

"कमान?"

"दगडी. शाळेला शोभा पाहिजे ना."

"काकासाहेब, हा दवाखाना आहे. मी कायमचं नाही करू शकत हे."

काकासाहेबांचं हसू गेलं नाही, फक्त आवाज खाली आला. "बिलकुल जबरदस्ती न्हाई. पण खरं सांगतो, तुमच्या भरवशावर धाडतो मी पोरगी. तुम्ही न्हाई म्हणला तर उद्यापासून घरी. तिकडं उघड्यावर मी तिला जाऊ देणार न्हाई, मी बाप हाय."

ते बरोबरच बोलत होते, आणि तेच सगळ्यात जड होतं. डॉक्टरांनी घडी केलेली शाल कपाटात ठेवली.

"धाडत जा," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी राजनंदिनी मधल्या सुट्टीआधीच आली. चेहरा उतरलेला, हात डाव्या कुशीवर. परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

"काय झालं? पाणी पीत नाहीस का?"

"पिते की."

"काल काय खाल्लं होतंस?"

"काल न्हाई खाल्लं काही." तिने नजर चुकवली. "काल गुरुवार व्हता."

गुरुवार डॉक्टरांचा सुट्टीचा. सकाळच्या गाडीने त्या जालन्याला बहिणीकडे जात आणि संध्याकाळी परतत. जाताना पुढचं दार लावत. मागच्या दाराला आतून अडसर घालत; अंगणात जायला दुसरी वाट नव्हती. तेवीस वर्षांत या एका दिवसाबद्दल त्यांनी कोणाचंही ऐकून घेतलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिला बाकावर आडवं व्हायला लावलं. पोट पहिल्या दिवशी होतं तसंच कडक लागलं.

"दर गुरुवारी असंच करतेस?"

"बुधवारी रात्रीपासून पाणी बंद. सवय झाली आता. शुक्रवारी दुखतं, मंग शनवारपासून बरं."

बाहेर रस्ता ओलांडून येणाऱ्या पोरींचा गलका ऐकू आला.

"आणि बाकीच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

राजनंदिनी उठून बसली आणि ओढणी सारखी केली.

"सगळ्याच, मॅडम. अकराच्या अकरा."