शेवटचा रकाना

तिला सगळे टकळी म्हणायचे, कारण तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. तिचे बाबा शेती खात्याच्या कचेरीत होते. डबा घरी विसरणं हा बाबांचा जुना छंद, आणि तो नेऊन देणं हे टकळीच्या कपाळी आलेलं काम.

त्या दुपारी ती पोचली तेव्हा बाबा फलकावर यादी टाचत होते. शेतीचं अनुदान कोणाकोणाला मिळालं त्याची यादी. ती आठ दिवस लोकांसमोर ठेवायचीच, असा नियम. शिपायानं फाइलीसाठी यादीचा फोटो काढला, आणि लगेच बाबांनी तिच्यावर गुरांच्या लसीकरणाची भलीमोठी सूचना डकवली. झाली यादी गडप!

"बाबा, आता ती वाचणार कोण?"

"लावली ना? फोटो आहे. तू डबा ठेव आणि पळ."

टकळी पळतेय कसली! बाबा हात धुवायला वळले तशी तिनं सूचना उचलली आणि तेवीसच्या तेवीस नावं वहीत भराभर उतरवली. शेवटच्या बारीक रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच गिचमिड होती. पानावर जागा संपली, म्हणून तो तेवढा सोडला.

सातव्या नावापुढे लिहिलं होतं: शाळेमागची जमीन, फळबाग, चारशे झाडं. शाळेमागे तर गाड्यांचं गोदाम होतं, खाली नुसतं सिमेंट! टकळीनं तिथं आजवर एक कुत्रं आणि चार टायर पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या भिंतीवर टकळीचं पोस्टर झळकलं. वर लाल अक्षरांत, 'ही झाडं कोणी पाहिलीत का?' खाली तेवीस नावं. तिला वाटलं होतं, लोक हसतील, चिडतील, टाळ्या वाजवतील. लोक जमले, वाचू लागले आणि काही न बोलता पांगले. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं नव्या वहीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

"राहू दे, बाळ," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आज सरळ घरी जा."

घरासमोर पांढरी गाडी उभी होती. इंजिन चालू, काचा काळ्या, दारं बंद. आत बाबांच्या खुर्चीत कचेरीतले मोठे साहेब बसले होते, आणि बाबा उभे होते. स्वतःच्या घरात! साहेबांच्या मांडीवर तिच्या पोस्टरची सुरळी होती. एक कोपराही फाटला नव्हता.

"ये, ये. अक्षर काय सुरेख गं तुझं!"

"तुम्ही काढलंत ते?"

"दुरुस्तीपुरता. उद्या मीच परत लावतो. लोकांना कळायलाच हवं. पण अर्धवट कशाला?"

त्यांनी पोस्टर टेबलावर पसरलं, शेजारी मूळ यादी ठेवली आणि शेवटच्या रकान्यावर बोट टेकवलं. 'जागेवर जाऊन पाहणी केली. सही.' तेवीस वेळा तीच गिचमिड. टकळीच्या प्रगतिपुस्तकावर दरवर्षी हीच सही असायची.

"बाबा, तुम्ही गेला होतात तिथं?"

"नाही गं." बाबांची नजर फरशीवर होती. "साहेबांनी सांगितलं, मी खुर्चीत बसून सह्या केल्या."

"मी?" साहेब हसले. "माझी सही दाखव बरं कुठं." त्यांनी टोपण काढून पेन पोस्टरवर ठेवलं. "आता तूच ठरव. हा रकाना भर, म्हणजे उद्या बाबांना न्यायला पोलीस येतील. नाहीतर शाळेत सगळ्यांसमोर सांग, की नावं मी मनानं रचली. पोरखेळ होता. विषय संपला."

स्वयंपाकघराच्या दारात आई चहाचा ट्रे धरून उभी होती. कपबश्या किणकिणत होत्या.

बाबांनी पेन उचललं आणि तिच्या हातात दिलं.

"लिही," ते म्हणाले. "ठळक लिही. कोणी सांगितलं, तेही लिही."

साहेबांचं हसू जागच्या जागी गोठलं. ते खिडकीशी गेले आणि त्यांनी बाहेरच्या गाडीकडे बघून नुसती मान हलवली.

टकळीनं पट्टी ठेवून रकान्याची उभी रेघ ओढली. गाडीचं इंजिन बंद झालं. मग दारं उघडल्याचे आवाज आले. एक. दोन. तीन. चार.