चिरुटाची खाच

आमचे दाजी वेळ घड्याळात बघत नाहीत, चिरुटावर बघतात. आमच्या फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये लाकूड कापणं, जोडणं, तासणं माझ्याकडे आणि पॉलिश दाजींकडे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पॉलिशचा पहिला थर दिला की ते ब्रश झाकून ठेवतात, हात धुतात आणि मागच्या अंगणातल्या बाकावर जाऊन एक चिरूट पेटवतात. चिरूट संपला की थर वाळला असं समजायचं आणि दुसरा द्यायचा. वर्कशॉपमध्ये भुसा आणि थिनर, घरात माझी बहीण. तेव्हा धुराला जागा काय ती त्या बाकावरच.

चिरूटही काही ऐटीचे नव्हेत. करंगळीएवढे, कोपऱ्यावरच्या दुकानात साबणाशेजारी मिळणारे, पुठ्ठ्याच्या पाकिटातले. एकदा एका गिऱ्हाइकाने भारी सिगार दिला, तो दाजींनी दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकला. म्हणाले, त्याच्यासमोर अंग चोरून बसावं लागतं. ह्या करंगळीबरोबर मात्र ते पाय पसरून, पाठीला भिंतीचं ऊन घेत बसतात. पहिला झुरका घेतला की डोळे अर्धे मिटतात आणि खांदे खाली येतात. मी ओढत नाही, मला ठसका लागतो. पण वाळक्या पानांचा, थोडा करपलेल्या साखरेसारखा तो वास मला आवडतो, म्हणून मी चहा घेऊन शेजारी बसतो. आम्ही बोलत नाही. त्यांच्या तोंडात चिरूट, माझ्या तोंडात चहा.

काडेपेटी शोधताना दाजींचा चिरूट हमखास गडगडत खाली जायचा. शेवटी वैतागून मी बाकाच्या हातावर त्याच्यासाठी एक खाच कोरून दिली. अगदी मापात. चिरूट त्यात असा बसायचा की बाक उलटा केला तरी पडू नये. दाजी मला तेव्हापासून फूटपट्टी म्हणतात.

मग पॉलिश बिघडायला लागलं. एका टेबलावर सुरकुत्या आल्या. आम्ही डब्याला दोष दिला, नवा डबा आणला. मग एका कपाटावर आल्या. आम्ही हवेला दोष दिला. मग एका दारावर आल्या, आणि दोष द्यायला कुणी उरलं नाही. दाजी ते दार दिवसभर खरवडत बसले. मधूनच थांबून स्वतःची बोटं बघायचे. मी विनोद करून पाहिले, पण त्यांनी ते कानाआड केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळे ब्रश धुतले, फडक्यात गुंडाळले आणि बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले.

"आता मला जमत नाही, फूटपट्टी," ते म्हणाले. "तू कुणीतरी मशीनने पॉलिश मारणारा बघ."

मी घाबरलो की चिडतो. हे कसलं खूळ काढलंत, दोनचार वस्तू बिघडल्या म्हणून कुणी घरी बसतं का, असं बरंच बडबडलो. त्यांनी ऐकून घेतलं, चिरुटांचं पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि पिशवी भरायला आत गेले.

मी नुसते खोके बनवतो; दाजींचा ब्रश फिरला की त्या खोक्यांचं फर्निचर होतं. ते एक झालंच, पण मी चहा कुणाशेजारी पिणार होतो?

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून एक चिरूट काढून खाचेत ठेवला. तो खुळखुळला. टोकाशी बोटाचं पेर मावेल एवढी फट होती.

आता, मी ढिली खाच करत नाही. दुसऱ्या कशावर पैज लावणार नाही, ह्यावर लावेन. आणि लाकूड काही लांबीत वाढत नाही. मी पाकीट फाडलं. वरचं चित्र तेच, रंग तोच, आकारही तोच. तळाशी मात्र पुठ्ठ्याची एक जाड घडी घालून चिरूट वर उचलून धरले होते.

दाजींना हाका मारून बोलावलं आणि दाखवलं. त्यांनी फटीत बोट घालून बघितलं.

"मला वाटलं, खाच झिजली," ते म्हणाले.

माझी खाच झिजली! एरवी मी ह्यावर तासभर भांडलो असतो.

"दाजी, चिरूट आखूड झालाय. तो लवकर संपतो आणि तुम्ही ओल्या थरावर दुसरा थर देताय. तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही."

त्यांना ते पटलं असं दिसेना. तरी त्यांनी फडक्यातून ब्रश बाहेर काढला आणि त्या खरवडलेल्या दारावर पहिला थर दिला. मग बाहेर येऊन चिरूट पेटवला. तो संपताच ते सवयीने उठले. मी त्यांचा एप्रन धरून त्यांना खाली बसवलं.

दाजींच्या तोंडात चिरूट नसताना आम्ही त्या बाकावर एवढा वेळ कधी बसलोच नव्हतो. कुठे बघावं ते दोघांनाही कळेना.

"तुझ्या बहिणीला मी सांगितलं नव्हतं," दाजी हळूच म्हणाले. "रोज तिच्याकडून जेवणाचा डबा घेताना वाटायचं, आज हिला कळेल, आपला नवरा कुचकामी झाला म्हणून."

मला खूप वाईट वाटलं. मी माझ्या कपातला उरलेला चहा त्यांच्यापुढे केला. तो गार झाला होता, तरी त्यांनी शेवटपर्यंत प्यायला. मग आत जाऊन मी दारावर बोट टेकवलं, ते कोरडं निघालं, आणि दाजींनी दुसरा थर दिला.

आम्ही दाराजवळच उभे राहिलो. सुरकुती आली नाही. दाजींनी वाकून त्यात आपला चेहरा बघितला, बराच वेळ बघितला.

"दुसरं दार आण," ते म्हणाले.